आयझॉल ते शिलाँग : आय-लीगचा शेवटचा आठवडा

२१ एप्रिल २०१७, शुक्रवार. लेंगपुई, आयझॉल

कोलकात्याहून निघालेलं विमान ढगांखाली आलं तरी खिडकीतून नुसते डोंगरच. धावपट्टी कुठे आहे ते चाकं टेकेपर्यंत कळलं नाही. डोंगरमाथा सपाट करून बांधलेली ही धावपट्टी. तिच्या पुढेही दरी, मागेही दरी. भाचा सीटचा हात धरून बसला होता, उतरल्यावर म्हणाला, ‘मामा, परत जाताना रस्त्याने जाऊ.’ तसंही आम्ही रस्त्यानेच जाणार होतो.

मिझोरामात शिरायला इनर लाइन परमिट लागतं. विमानतळावरच्या खिडकीत तात्पुरतं मिळतं. अर्जात येण्याचं कारण विचारलं होतं, तिथे भाच्याने ‘फुटबॉल’ असं ठोकून दिलं. खिडकीतल्या माणसाने अर्ज पाहिला, मग आम्हाला पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘मोहन बागान?’ ‘नाही, आयझॉल,’ म्हटल्यावर शिक्का जरा जोरातच बसला.

लेंगपुई ते आयझॉल बत्तीसेक किलोमीटर, पण नुसती वळणं. तेवढ्या वेळात इथवर का आलो ते सांगून टाकतो. आय-लीगचा, म्हणजे देशातल्या फुटबॉल क्लबांच्या राष्ट्रीय लीगचा, हा मोसम जानेवारीत सुरू झाला. दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, गतविजेता बंगळूरु, गोव्याचा चर्चिल ब्रदर्स, शिलाँगचा लाजाँग, पंजाबचा मिनर्व्हा, चेन्नई सिटी, आपल्याकडचे मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. आणि आयझॉल. खरं तर आयझॉल या यादीत असायलाच नको होता. मागच्या मोसमात तो खालच्या श्रेणीत घसरला होता. पण गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन क्लबांनी भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावलं गेलं. असा मागच्या दाराने आत आलेला संघ आता सोळा सामन्यांनंतर ३३ गुणांवर होता. बागानचेही ३३. आणि उद्या दोघे एकमेकांसमोर, तेही आयझॉलमध्ये.

मला ओढून आणणारी आणखी एक गोष्ट होती. या संघाचा प्रशिक्षक खालिद जमील. जन्म कुवेतचा, पण फुटबॉलने मुंबईकर. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी असं खेळून झाल्यावर त्याने मुंबई एफसीला सात मोसम शिकवलं. पैसा बेताचा, मोठी नावं नाहीत, तरी तो संघ त्याने एकदाही खाली जाऊ दिला नाही. खेळ बघायला सुंदर नव्हता, हे मुंबईच्या कूपरेज मैदानातल्या बाकांवर बसून आम्हीच कितीदा बोललो असू. २०१६ मध्ये क्लबने त्याला नारळ दिला. तो आयझॉलला गेला आणि जाताना जयेश राणे, आशुतोष मेहता अशी आपल्याकडची पोरंही घेऊन गेला.

२२ एप्रिल, शनिवार. मुआलपुई

सकाळपासून शहर एकाच दिशेने वाहत होतं. आयझॉलच्या रस्त्यांवर हॉर्न वाजत नाही, हे ऐकून होतो. आज एवढी कोंडी, दुचाक्या एका रांगेत, गाड्या दुसऱ्या रांगेत, सगळ्यांना मैदान गाठायची घाई, आणि तरी हॉर्न नाही. मुंबईच्या माणसाला यानेच दडपण येतं.

राजीव गांधी स्टेडियम शहराच्या दक्षिणेला मुआलपुईत आहे. कृत्रिम हिरवळ, आजूबाजूला डोंगर आणि त्यांच्या उतारांवर एकमेकांच्या खांद्यावर उभी असावीत तशी घरं. आम्हाला जागा मिळाली ती एका आजीबाईंच्या शेजारी. अंगात लाल जर्सी, खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पुआन, म्हणजे कमरेला गुंडाळायचं मिझो वस्त्र, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी सुपारीचं ओलं खांड काढलं, चुना लावलेल्या पानात गुंडाळलं आणि न विचारता माझ्या हातात ठेवलं. ही इथली कुहवा. चावली तशी कानशिलं तापली, कपाळाला घाम फुटला. आजी हसल्या. कुठले म्हणून विचारलं. ‘बॉम्बे,’ म्हणालो. ‘खालिद!’ त्या म्हणाल्या आणि मागच्या रांगेकडे वळून काहीतरी सांगितलं. त्यानंतर सामना संपेपर्यंत आम्ही दोघे खालिदचे नातेवाईक असल्यासारखे वागवले गेलो.

बागान हा काही लेचापेचा संघ नव्हता. हैतीचा सोनी नोर्दे, जपानचा कात्सुमी युसा, स्कॉटलंडचा डॅरिल डफी, मागे अनस एडाथोडिका आणि ब्राझीलचा एदुआर्दो, गोलात देबजित मजुमदार. आणि मिझोरामचा सर्वांत नावाजलेला फुटबॉलपटू जेजे लालपेखलुआ हासुद्धा बागानचाच. आपल्या गावचा हिरो समोरच्या संघात असला की लोक शिव्या घालतात की टाळ्या वाजवतात, याची मला उत्सुकता होती. त्याचं नाव निघालं तेव्हा आजींनी आधी जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं आणि मग टाळी वाजवली.

मुंबईत असताना खालिदचा संघ जसा खेळायचा, त्याची खूण इथे दिसत होतीच. मागची फळी जागा सोडत नाही, मधे लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान गस्तीवर. पण मुंबईत जे नव्हतं ते इथे होतं. सीरियाचा महमूद अल अमना चेंडू पायात घेऊन क्षणभर थांबायचा, आणि त्या क्षणात दोन्ही बाजूंनी मिझो पोरं सुटायची. ती डोंगरात चढ-उतार करून वाढलेली. सत्तराव्या मिनिटाला त्यांच्या पळण्यात पहिल्या मिनिटाइतकाच दम होता. बागानचे खेळाडू याच मोसमात एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेचे सामनेही खेळत होते. पाय जड वाटत होते, निदान मला तरी.

एक बरोबरी कोणाच्या पथ्यावर पडेल याची चर्चा मागच्या रांगेत सुरू झाली होती. त्र्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. बचावपटू झोहमिंगलियाना राल्ते वर आला होता. गर्दीतून एक डोकं उंच गेलं, एवढंच मी पाहिलं. पुढचं दिसलं नाही, कारण पुढच्या सगळ्या रांगा उभ्या राहिल्या आणि आजींची पिशवी माझ्या डोक्यावर आपटली. १–०. उरलेली मिनिटं कोणी बसलं नाही. शिट्टी झाली तेव्हा गुणतक्ता असा : आयझॉल ३६, बागान ३३, आणि एकच सामना शिल्लक. शिलाँगमध्ये बरोबरी केली तरी पुरे.

२३ एप्रिल, रविवार

काल रात्री ज्या शहराने एवढा गोंधळ घातला, ते आज बंद. खरोखर बंद. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर गाडी नाही, चहाची टपरीसुद्धा उघडी नाही. रविवार चर्चचा. सकाळी वरच्या गल्लीतून सामुदायिक गाणं आणि ढोलाचा एकसुरी ठेका ऐकू आला, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी आमची कीव येऊन भात, ‘बाई’ नावाची वाफवलेल्या पाल्याची भाजी आणि धुरावलेलं डुकराचं मांस पाठवलं. भाच्याला ती भाजी आवडली नाही. मी दोन्ही वाट्या संपवल्या.

लीगचा विजेता ठरायला आठवडा उरलाय, आणि गावातला एक माणूस त्याबद्दल मोठ्याने बोलत नाही, हे जरा विचित्र होतं. मालकीणबाई म्हणाल्या, सोमवारी बोलू.

२४ ते २६ एप्रिल

बोलले. सोमवारपासून दुसरा विषय नव्हता. बडा बाजारात भाजी घेणाऱ्या बाया, झारकॉटमधले सुमोच्या काउंटरवरचे पोरगे, थिंगपुई (म्हणजे चहा) विकणारा, सगळ्यांचा एकच प्रश्न : शिलाँगला जाणार का? संध्याकाळी मोहल्ल्यातल्या कर्ण्यावरून घोषणा झाली तेव्हा भाचा म्हणाला, बघ, शिलाँगच्या गाड्यांची माहिती देतायत. मालकीणबाईंना विचारलं तर ती पाणी कधी येणार त्याची होती.

या दिवसांत भटकंती थोडी आणि गप्पा जास्त झाल्या. मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे अकरा लाखांच्या आसपास. आपल्या एखाद्या उपनगराएवढी. तरी २०१४ मध्ये यांनी संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात रेल्वेला ३–० ने हरवून. त्यामागे २०१२ मध्ये सुरू झालेली मिझोराम प्रीमियर लीग आहे. स्थानिक क्लब, स्थानिक पोरं आणि सामने टीव्हीवर दाखवणारी स्थानिक वाहिनी. पोराला गल्लीत खेळताना पाहणारी बाई त्यालाच पुढे पडद्यावर बघते. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की आधी प्रायोजक शोधतात. इथे आधी प्रेक्षक होता, मग लीग आली. माझ्या मते बाकी सगळं, पैसा, परदेशी खेळाडू, प्रशिक्षक, या एका गोष्टीनंतर येतं.

चहावाल्याने मात्र एक जखम उघडी केली. मागच्या मे महिन्यात आयझॉल फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात पोचला होता. गुवाहाटीला. समोर बागान. ५–०. ‘तेव्हाही इथून बसेस भरून गेल्या होत्या,’ तो म्हणाला. ‘येताना कोणी गाणं म्हटलं नाही.’

२६ ला संध्याकाळी झारकॉटहून रात्रीची सुमो पकडली.

२७ एप्रिल, गुरुवार. रस्ता

रस्त्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण अर्धा रस्ता मी डोळे मिटून काढला. कोलासिब, वैरेंगते, मग आसामची हद्द. पहाटे सिलचरच्या सपाटीवर उतरल्यावर कान मोकळे झाले. तिथे गाडी बदलली आणि पुन्हा चढण. मेघालयात शिरताना सोनापूरला दरड कोसळायच्या जागी रस्त्यावर काँक्रीटचा बोगदा बांधलाय. त्याच्यावरून पाण्याचे ओघळ खाली पडतात. लाडरिंबाईच्या आसपास रस्त्याकडेला कोळशाचे काळे ढीग. जोवाई ओलांडल्यावर हवा गार झाली.

सुमोत आमच्याखेरीज सगळे मिझो. त्यातला एक शिलाँगमध्ये शिकणारा विद्यार्थी, एक सरकारी कारकून रजा टाकून निघालेला आणि एक नवरा-बायको, ज्यांनी तीन वर्षांच्या मुलीलाही लाल जर्सी घातली होती. कारकुनाने वहीच्या पानावर सगळ्या शक्यता मांडल्या होत्या. जिंकलो तर, बरोबरी झाली तर, हरलो आणि बागान जिंकलं तर. तिसऱ्या रकान्यावर त्याने काहीच लिहिलं नव्हतं.

२८ आणि २९ एप्रिल. शिलाँग

शिलाँग लीगला नवं नाही. लाजाँग हा ईशान्येतला पहिला क्लब, जो २००९ मध्ये आय-लीगमध्ये आला. त्याला या मोसमाच्या शेवटी गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि यावरूनच पोलीस बाजारात कुजबुज चालू होती. लाजाँग ईशान्येचा, आयझॉल ईशान्येचा. लाजाँगमध्ये सॅम्युएल लालमुआनपुइयासारखी मिझो पोरंही. मग सोडून देतील ना सामना?

पोलो मैदानाजवळच्या एका खासी बाईंच्या जेवणाच्या दुकानात आम्ही जादोह, म्हणजे खासी पद्धतीचा मांसाचा भात, खात होतो. शेजारच्या टेबलावर बागानचा एक बंगाली चाहता. कामानिमित्त शिलाँगला असतो, रविवारी कोलकात्याला जाता येत नाही म्हणून खट्टू. त्याने ही कुजबुज मोठ्याने बोलून दाखवली. दुकानाच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे ‘काँग’, म्हणजे ताई, म्हणत होते, कढई खाली ठेवली आणि हिंदीत सुनावलं, ‘हमारा लड़का लोग बिकता नहीं है.’ बंगाली बाबूंनी पाणी मागितलं.

पण माणूस जाणकार होता. २०१५ ची आठवण त्यानेच काढली. तेव्हाही शेवटच्या दिवशी बागानला बंगळूरुत फक्त बरोबरी हवी होती. यजमान १–० ने पुढे, सत्त्याऐंशीव्या मिनिटाला बेल्लो रझाकचं हेडर, १–१, आणि लीग कोलकात्याला. ‘बरोबरी पुरेशी असते तेव्हाच ती सर्वांत अवघड असते,’ तो म्हणाला. मला ते पटलं. जिंकायचंच असलेला संघ निदान पुढे तरी धावतो.

२९ ला उमियमचा तलाव बघितला. चांगला आहे. लक्ष नव्हतं.

३० एप्रिल, रविवार. जवाहरलाल नेहरू स्टेडियम

मिझो माणसाने रविवारी फुटबॉल बघावा का, हा प्रश्न आयझॉलमध्ये कोणी मला विचारला असता तर मी गप्प बसलो असतो. शिलाँगमध्ये त्याचं उत्तर हजारोंच्या संख्येने दिसलं. सकाळी चर्चमध्ये गेलेले कोट-टाय घातलेले पुरुष दुपारी गळ्यात लाल मफलर अडकवून रांगेत. सुमोतला कारकून भेटला, त्याने मिठी मारली. वही खिशात होती.

सामना सुरू झाला आणि नवव्या मिनिटाला सामना सोडून देण्याची सगळी कुजबुज संपली. कॅमेरूनचा आसिर दिपांडा, जो पुढे ११ गोलांसह या मोसमात सर्वाधिक गोल करणारा ठरला, त्याने लाजाँगला आघाडी मिळवून दिली. आमच्या बाजूच्या लाल स्टँडमधून आवाजच निघेना. पलीकडून लाजाँगवाल्यांचा जल्लोष मात्र स्पष्ट ऐकू येत होता. काँगबाई कुठेतरी त्यात असणार.

त्याच वेळी कोलकात्यात बागान चेन्नईशी खेळत होतं. ज्याच्या हातात फोन तो त्या क्षणी आख्ख्या रांगेचा वार्ताहर. नेटवर्क जायचं, यायचं. एकच बातमी दोनदा यायची आणि दोन्ही वेळा घाबरवायची. भाच्याने फोन बंद केला, म्हणाला, ‘मामा, बघवत नाहीये.’ मग तीन मिनिटांनी स्वतःच चालू केला.

मध्यंतरापर्यंत ०–१. आयझॉल घाईत होता. लांब पास, ते उडून मागे, पुन्हा लांब पास. अल अमनाला चेंडू मिळतच नव्हता. दुसऱ्या सत्रात मात्र चेंडू खाली आला. दोन्ही कडांवरून दाब वाढला, लाजाँगची फळी आत आत सरकत गेली. ज्यांनी खालिदचे मुंबईतले संघ पाहिलेत त्यांना ठाऊक असेल, त्याचे सामने असेच असतात. साठ मिनिटं काहीच घडत नाही आणि मग समोरचा थकतो.

सदुसष्टावं मिनिट. विल्यम लालनुनफेला. आम्ही त्या गोलाच्या दुसऱ्या टोकाला होतो, त्यामुळे चेंडू कसा गेला ते विचारू नका. जाळी हलली, तो हात पसरून पळत सुटला, आणि माझ्या पाठीवर कोणीतरी चढलं. १–१.

यानंतरची तेवीस मिनिटं आणि भरपाईचा वेळ हा भाग मी नीट सांगू शकत नाही. लाजाँगने खरोखर दुसऱ्या गोलासाठी जोर लावला, हे मुद्दाम नोंदवतो. गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स पुढे येऊन दोन्ही मुठींनी चेंडू मारायचा तेव्हा दर वेळी आमच्या रांगेतली एक बाई डोळे झाकायची आणि बोटांच्या फटीतून बघायची. कोलकात्याहून बातमी आली की बागान २–१ ने पुढे. म्हणजे इथे एक गोल खाल्ला की आठवडाभराचं सगळं पाण्यात. कारकुनाचा तिसरा रकाना.

शिट्टी झाली. ३७ विरुद्ध ३६.

राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ती ईशान्येत कधीच गेली नव्हती. मैदानावर काय चाललंय ते दिसेनासं झालं. लोक कुंपणावरून आत गेले. राणे आणि मेहता दिसतात का म्हणून मी बघत होतो; दुरून एका जर्सीवर दुसरी जर्सी, कोण कोणाच्या खांद्यावर ते कळेना. कारकुनाने वहीचं ते पान फाडून हवेत उडवलं आणि मग वाकून शोधायला लागला, कारण मागच्या बाजूला परतीच्या गाडीवाल्याचा नंबर होता.

रात्री पोलीस बाजारात मिझो गाणी चालू होती. काँगबाईंच्या दुकानात गेलो. ‘हमारा लड़का अच्छा खेला ना?’ त्यांनी विचारलं. फार अच्छा, म्हटलं. खुब्लेई, म्हणजे धन्यवाद, म्हणाल्या आणि जादोह वाढला. बंगाली बाबू आले नाहीत.

१ मे, सोमवार. गुवाहाटीकडे

शंभरेक किलोमीटरचा उतार. भाच्याने फोनवर अंतिम गुणतक्ता काढला होता. तळाशी आपला मुंबई एफसी. खालिदने सात मोसम वर ठेवलेला संघ त्याला काढल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात घसरला, आणि त्याच मोसमात त्याने तिकडे लीग जिंकली. महाराष्ट्र दिनी हे वाचायला काही गंमत नव्हती.

‘मुंबईने कधी जिंकलीय का रे लीग?’ त्याने विचारलं. जिंकलीय. २००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडने. मग त्या कंपनीने २०१० मध्ये संघच बंद केला. पहिली लीग जिंकणाऱ्या पंजाबच्या जेसीटीने २०११ मध्ये. गोव्याचे तीन क्लब मागच्या वर्षी गेले, म्हणून तर आयझॉलला जागा मिळाली. या लीगमध्ये विजेत्यांपेक्षा सोडून गेलेल्यांची यादी लांब व्हायला लागलीय, असं मी म्हणालो, तर तो म्हणाला, ‘मग मुंबईचं काय होणार?’

त्या वर्षी उन्हाळ्यातच ते कळलं. मुंबई एफसी परत उभा राहिलाच नाही आणि पुण्याचा शिवाजियन्सही गेला. खालिद आयझॉल सोडून ईस्ट बंगालला गेला, आणि पुढे, २०२५ मध्ये, भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. २०१७-१८ च्या मोसमात महाराष्ट्राचा एकही संघ आय-लीगमध्ये नव्हता. आयझॉलला खेळताना बघायचं तर आम्हाला गोवा गाठावं लागणार होतं.